घारापुरी: डोंगरातून कोरून काढलेलं महादेवाचं देऊळ कसं पाहावं

घारापुरीच्या मोठ्या लेण्याच्या तोंडाशी आईने चपला काढल्या. आजूबाजूला माणसं बूट घालूनच आत-बाहेर करत होती. रखवालदार म्हणालाही, "आजी, राहू द्या, इथे काढायची गरज नाही." आई म्हणाली, "महादेवाचं देऊळ आहे ना? मग!" आणि चपला एका कडेला नीट जुळवून ठेवून ती आत गेली.

आम्ही तिघी होतो. आई, मी आणि माझी नऊ वर्षांची भाची. मी या बेटावर शाळेच्या सहलीपासून कितीदा तरी आले आहे, पाहुण्यांना घेऊन आले आहे, वाचून आले आहे. पण आईचा तो "मग!" ऐकला आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याला हे लेणं नीट का कळत नाही. आपण ते शिल्पांचं प्रदर्शन समजून बघतो. या भिंतीसमोर एक फोटो, त्या भिंतीसमोर एक फोटो, आणि साडेतीनच्या लाँचने परत. कानावर पडलेल्या कथा गेटवेला उतरेपर्यंत एकमेकींत मिसळून जातात. आपण नेहमी देवळात जातो तसं इथे गेलं, म्हणजे आधी देवाला, मग प्रदक्षिणा आणि मग भिंतीवरची चित्रं, तर मात्र सगळं आपोआप जागेवर बसतं. त्याच वाटेने सांगते.

आधी जागा. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने सुमारे तासभर पूर्वेला गेलं की हे बेट लागतं. मुंबईच्या बंदरात असलं तरी जिल्हा रायगड आणि तालुका उरण. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं त्यावर आहेत. समुद्राखालून केबल टाकून या गावांना कायमची वीज मिळाली ती 2018 साली. मुंबईचा झगमगाट रोज रात्री समोर दिसत असताना इथली माणसं तोवर जनरेटरच्या दोन-चार तासांवर भागवत होती, हे देवळाबद्दलच्या लेखात सांगायची गरज नाही असं कुणाला वाटेल, मला वाटत नाही. बेटावर दोन टेकड्या आहेत. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आणि दोन बौद्ध लेणी आहेत, तर पश्चिमेच्या टेकडीत पाच शैव लेणी. धक्क्यावरून शंभराहून जास्त पायऱ्या चढून आपण पोचतो ते त्या पाचांतलं पहिलं आणि सगळ्यांत मोठं. 1987 साली ही लेणी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आधी छत, मग जमीन

नेहमीचं देऊळ बांधतात. पाया खणतात, दगड वाहून आणतात, थर चढवतात आणि शेवटी कळस बसवतात. इथे बाहेरून एकही दगड आणलेला नाही. उलट डोंगरात जो दगड होता त्यातला नको तेवढा काढून टाकला आणि उरलं ते देऊळ. सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा आहे तोच हा कातळ, लाव्हा थंड होऊन झालेला बेसॉल्ट. कठीण असतो, पण एकसंध मिळाला तर टाकीच्या घावाला चांगली साथ देतो.

काम कसं चालत असेल ते भाचीला सांगायला मी तिच्या डब्यातला कलिंगडाचा तुकडा घेतला. पाथरवट आधी उताराचा कातळ तासून उभी भिंत करतात. मग त्या भिंतीच्या वरच्या अंगाला शिरतात आणि छत आधी करून घेतात. तिथून खाली उतरत जातात. जिथे खांब हवा तिथला दगड शिवायचा नाही, जिथे मूर्ती हवी तिथला मोठा ठोकळा राखून ठेवायचा. छताशी काम करायला वेगळी परांची लागत नाही, कारण उभं राहायला अजून न काढलेला दगडच पायाखाली असतो. शेवटी पाय टेकतात ती जमीन. आपल्याकडे 'आधी कळस, मग पाया' हे अशक्य गोष्टीसाठी म्हणतात. इथे ते शब्दशः झालं आहे.

यातली धास्ती लक्षात घ्या. बांधलेल्या देवळात एखादी शिळा तडकली तर दुसरी आणता येते. इथे राखलेल्या ठोकळ्यात मूर्तीच्या नाकाशी नेमकी कातळाची भेग आली, तर दुसरं नाक आणायचं कुठून? म्हणजे पहिला घाव घालण्याआधी कुठे काय येणार ते ठरलेलं हवं. उत्तरेच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत हे लेणं सुमारे 39 मीटर आत गेलं आहे. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल जवळजवळ तेवढं अंतर. एवढं सगळं कुणाच्या तरी डोक्यात आधी उभं होतं.

खांब जवळून बघा. खालचा अर्धा भाग साधा चौकोनी. वरचा गोल, त्यावर उभ्या बारीक पन्हळी, आणि माथ्याला दबलेल्या लोडासारखी गोल उशी. छताचं ओझं त्या उशीवर पडलं आणि ती जरा चेपली, असं वाटतं. खांबांवरून छताला तुळया गेलेल्या दिसतात, त्याही कोरलेल्याच. लाकडी घरात राहणाऱ्या माणसांनी दगडातही लाकडी घरच आठवलं. काही खांब पुढच्या काळात नव्याने उभे केलेले आहेत. जुन्यांशी ताडून बघितलं तर फरक कळतो.

आधी देवाला

हल्ली सगळे उत्तरेच्या दाराने आत जातात आणि सरळ समोरच्या तीन मुखांच्या मूर्तीकडे ओढले जातात. आई मात्र आत येताच विचारती झाली, "पिंड कुठाय?"

पिंड उजव्या हाताला आहे. पश्चिमेच्या अंगाला एक चौकोनी गाभारा मोकळा उभा आहे, म्हणजे चारी बाजूंनी फिरता येईल असा, आणि त्याला चारी दिशांना चार दारं. हाच या देवळाचा देव. बाकी सगळी शिल्पं, कितीही भव्य असली तरी, भिंतींवर आहेत. गाभाऱ्यात कसलीही नक्षी नाही, मूर्ती नाही. शाळुंका आणि लिंग, एवढंच. पूर्वेलाही लेण्याला दार आहे, आणि त्या दारातून आलं की खांबांच्या दोन ओळींमधून थेट गाभाराच दिसतो. त्यामुळे मूळची देवाकडे जायची वाट पूर्वेचीच असावी असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

प्रत्येक दाराशी दोन, असे आठ द्वारपाल आहेत. माणसाच्या दुपटीहून उंच, एका पायावर भार टाकून उभे. बहुतेकांचे हात-पाय तुटले आहेत, पण चेहरे शांत आहेत. दारावर उभा राहिलेला इसम आपल्याला हटकतो. हे हटकत नाहीत, जरासे बाजूला सरून उभे आहेत असं वाटतं.

आईने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलेलं बेलाचं एक पान उंबऱ्याशी ठेवलं. मग प्रदक्षिणा सुरू केली आणि अर्ध्यावर थबकली. "सोमसूत्र कुठल्या अंगाला?" ती देवगडची. शंकराच्या पिंडीवरचं पाणी जिथून वाहून जातं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथवर जाऊन उलट फिरायचं, हे तिच्या पायांनाच माहीत आहे. पाणी साधारणपणे उत्तरेला सोडतात, म्हणून ती उत्तरेच्या दारापर्यंत गेली आणि तिथून मागे वळली. गाभाऱ्याभोवती एवढी मोकळी जागा कशासाठी ठेवली आहे, ते मी पुस्तकातल्या नकाशात वाचलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वापरात बघितलं. महाशिवरात्रीला इथे भाविकांची गर्दी होते तेव्हा ते आणखी उघड दिसतं.

चार दारांच्या गाभाऱ्याचा अर्थ असा: बिनचेहऱ्याचं लिंग मध्ये आहे आणि ते चारी दिशांना उघडं आहे. त्याला रूप नाही. रूपं सगळी भोवतीच्या भिंतींवर. हे एवढं मनात पक्कं करून मग भिंतींकडे वळायचं.

तीन तोंडं, पण दत्त नव्हे

दक्षिणेच्या भिंतीत मधोमध, खोल कोनाड्यात, ती मूर्ती आहे. उंची सुमारे 20 फूट, आणि तीही फक्त छातीपर्यंतची. भाचीने बघताक्षणी विचारलं, "मावशी, हा दत्त का?"

प्रश्न अगदी मराठी आहे आणि योग्य आहे. तीन शिरं दिसली की आपल्याला दत्त आठवतो, आणि दत्त म्हटला की ब्रह्मा, विष्णू, महेश. मूर्तीचं प्रचलित नावही 'त्रिमूर्ती'च आहे. पूर्वीच्या युरोपीय प्रवाशांनी तीन तोंडं मोजली आणि तीन देव लावून दिले. ते नाव पोस्टरांवर आणि पाठ्यपुस्तकांत रुळलं. त्या दिवशीही आमच्या पुढच्या घोळक्यात कुणीतरी हेच समजावत होतं.

पण ही तिन्ही मुखं शंकराचीच आहेत. अभ्यासक या मूर्तीला सदाशिव किंवा महेशमूर्ती म्हणतात. शैव परंपरेत शिवाला पाच मुखं: सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान. ज्यांच्या घरी रुद्राभिषेक होतो त्यांच्या कानांवर ही नावं पडलेली असतात. समोरून तीन दिसतात. चौथं मागे आहे, म्हणजे डोंगराच्या आत. पाचवं, ईशान, वर आकाशाकडे. तेही दाखवलेलं नाही. मूर्ती छातीपर्यंतच का, याचंही उत्तर इथेच मिळतं असं मला वाटतं. कातळातून देव अजून पुरता बाहेर आलेलाच नाही.

आता एकेक मुख. समोर उभं राहिल्यावर आपल्या डावीकडचं, म्हणजे पूर्वेचं, ते अघोर. मिशा आहेत, भुवई आवळलेली, नाक बाकदार, जटेत कवटी आणि हातात फणा काढलेला नाग. उजवीकडचं, पश्चिमेचं, ते वामदेव. चेहरा बाईचा, ओठ मऊ, केसांच्या बटा आणि मोत्यांच्या सरी, हातात कमळ. काही जण या मुखाला उमाच म्हणतात. मधलं तत्पुरुष. डोळे मिटलेले, खालचा ओठ भरलेला, उंच जटामुकुट. त्याच्या हातात एक फळ आहे ते महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे असतं तेच. बियांनी भरलेलं फळ, पुढच्या सगळ्या सृष्टीचं बीज.

म्हणजे एका बाजूला संहार, दुसऱ्या बाजूला माया, आणि मध्ये दोन्हींना आत घेऊन डोळे मिटून बसलेला एकच कुणीतरी. तीन देव असते तर त्यांच्यात कामांची वाटणी असती. इथे वाटणी नाही. रागावलेला आणि लोभावलेला एकच आहे, हे सांगायला शिल्पकाराने एकाच मानेवर ही तोंडं ठेवली.

एक काम मात्र करा. या मूर्तीसमोर गेल्या गेल्या मोबाइलचा दिवा लावू नका. उत्तरेच्या दाराचा उजेड इथवर येतो, पण थकून येतो. चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं की डोळे सरावतात. आधी मधलं नाक आणि ओठ दिसतात, मग कानातली कुंडलं, मग बाजूचे चेहरे कडेने पुढे येतात. भाची कंटाळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मघाशी मिशी नव्हती."

जोड्या

या एका मूर्तीत जे सांगितलं, तेच बाकीच्या भिंतींवर गोष्टींतून उलगडलं आहे. गोष्टी सुट्या बघू नका. प्रत्येक गोष्टीला समोर किंवा शेजारी एक जोडीदार आहे, आणि तो बहुतेक वेळा तिच्या अगदी उलट आहे.

सदाशिवाच्या डाव्या-उजव्या बाजूंपासून सुरू करू. डावीकडे अर्धनारीश्वर. नंदीच्या वशिंडावर एक हात रेललेला, उजवं अंग पुरुषाचं, डावं बाईचं, बाईच्या हातात आरसा. याची एक लोभस कथा आहे. भृंगी नावाचा ऋषी शंकराचा इतका कट्टर भक्त की प्रदक्षिणा घालायचा ती फक्त शंकराला, शेजारी बसलेल्या पार्वतीला वगळून. म्हणून शंकराने तिला आपल्या अर्ध्या अंगात सामावून घेतलं. तरी भृंगी ऐकेना, भुंगा होऊन मधून भोक पाडून जायला निघाला! पार्वतीने शाप दिला आणि त्याच्या अंगातलं आईकडून मिळालेलं सगळं, रक्त आणि मांस, गळून पडलं. नुसता सापळा उरला, धड उभंही राहता येईना. मग शंकराने त्याला आधाराला तिसरा पाय दिला. शक्तीला वगळून शिवाला धरता येत नाही, हे याहून रोखठोक कसं सांगणार?

उजवीकडे गंगाधर. सगराच्या साठ हजार मुलांची कपिलमुनींच्या कोपाने राख झाली. त्यांना गती मिळावी म्हणून वंशातल्या भगीरथाने तप करून गंगेला स्वर्गातून आणलं. तिचा वेग पृथ्वीला झेपणार नव्हता, म्हणून शंकराने ती जटेत झेलली. शिल्पात वर एक लहानशी तीन अंगांची देवी आहे, हात तुटलेली. गंगा, यमुना आणि सरस्वती. शेजारी पार्वती उभी आहे. आपल्या ओव्यांत गंगा पार्वतीची सवत असते. ते मनात ठेवून पार्वतीची मान किंचित कुठे वळली आहे ते बघा. शेजारच्या शिल्पात दोघं एका देहात आहेत आणि इथे मध्ये तिसरी आली आहे.

आता पूर्वेच्या दाराशी या. माझा सगळ्यात जीव आहे तो इथल्या जोडीवर. दक्षिणेच्या अंगाला शंकर-पार्वती कैलासावर सारीपाट खेळत बसले आहेत. सोळा सोमवारच्या कहाणीत ते देवळात सारीपाट मांडून बसतात, पार्वती गुरवाला विचारते "डाव कुणी जिंकला?" आणि तो बिचारा शंकराचं नाव घेऊन शाप ओढवून घेतो. इथे डावात काहीतरी बिनसलेलं आहे. पार्वतीने तोंड फिरवलं आहे. शंकराने फसवणूक केली म्हणून ती रुसली, असं सांगतात. मागे एक बाई कडेवर मूल घेऊन उभी आहे, तो स्कंद म्हणजे कार्तिकेय. खाली नंदी. घरातली एक साधी दुपार, नवरा-बायकोची कुरबुर आणि पोर दुसऱ्या बाईच्या कडेवर. आई इथे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हिचं बरोबर आहे."

त्याच्या समोर, उत्तरेच्या अंगाला, तोच कैलास आणि तीच जोडी, पण खालून कुणीतरी डोंगर हलवतो आहे. कुबेराकडून हिसकावलेलं पुष्पक विमान घेऊन रावण चालला होता. कैलासाशी विमान अडलं. पुढे जायचं नाही म्हणून सांगितल्यावर रावणाने अख्खा डोंगरच हातांवर उचलायला घेतला. पार्वती घाबरली. शंकराने फक्त पायाचा अंगठा दाबला आणि रावण खाली चिरडला गेला. मग हजार वर्षं त्याने स्तुती केली, शंकर प्रसन्न झाला आणि त्याला सोडून वर चंद्रहास तलवारही दिली. शिल्पात रावण फारसा उरलेला नाही, पाठ आणि काही हातांचे तुकडे तेवढे कळतात. पण आपण स्वतः डोंगराच्या पोटात उभं राहून डोंगर हलवणाऱ्याची गोष्ट बघतो आहोत, हे एकदा सुचलं की छताकडे नजर जातेच. मूळ कारागिरांनाही ते सुचलं असणार.

पश्चिमेच्या दाराशी लग्न आणि वध समोरासमोर. लग्नाच्या शिल्पात पार्वती शंकराच्या उजव्या बाजूला उभी आहे, मान खाली घालून. लेण्यात इतरत्र ती डाव्या बाजूला दिसते. लग्न लागेपर्यंत नवरी उजवीकडे, बायको झाली की डाव्या अंगाला, ही रीत दीड हजार वर्षांपूर्वीच्या दगडात आहे. मागे तिचा बाप हिमवान तिला पुढे करतो आहे आणि भटजी म्हणून खाली साक्षात ब्रह्मदेव बसला आहे.

समोर अंधकासुर. पार्वतीने थट्टेत शंकराचे डोळे झाकले, जगभर काळोख पसरला, आणि त्या स्पर्शाच्या घामातून एक आंधळं मूल जन्मलं. ते निपुत्रिक हिरण्याक्षाला देऊन टाकलं. मोठा होऊन अंधक पार्वतीवरच डोळा ठेवून आला, ती आपली आई हे न जाणता. त्याच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की नवा असुर उठायचा, देवीच्या गोष्टीतल्या रक्तबीजासारखा. म्हणून शिल्पात शंकराच्या एका हाताने शस्त्र चालतं आहे आणि दुसऱ्या हाताने खाली वाटी धरली आहे, एकही थेंब सांडू नये म्हणून. मागे हत्तीचं कातडं पसरलेलं. कमरेखालचं सगळं तुटून गेलं आहे, तरी या शिल्पाचा वेग गेलेला नाही. लग्नातला मऊ हात आणि हा हात एकाचाच.

उत्तरेच्या दाराची जोडी राहिली. बाहेर पडताना दिसते. एका बाजूला योगी शिव, कमळावर मांडी घालून निश्चल. दुसऱ्या बाजूला नाचणारा नटराज, एका काळी आठ हातांचा. दोन्ही फार मोडली आहेत. इथे एवढंच, की एक अजिबात हलत नाही आणि दुसरा थांबत नाही.

कुणी केलं?

स्थानिक लोक पांडवांचं नाव घेतात, तसं ते महाराष्ट्रातल्या पुष्कळ लेण्यांबद्दल घेतात. दुसरी दंतकथा बाणासुराची, शंकराच्या हजार हातांच्या भक्ताची. हे काम बघून 'हजार हात लागले असतील' असं कुणालाही वाटेल.

करणाऱ्याचं नाव असलेला शिलालेख बहुधा होता. लेण्याच्या दाराशी असलेला कोरीव दगड पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, असं सोळाव्या शतकातला पोर्तुगीज बखरकार दियोगो दो कूतो लिहितो. तिकडे तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे हरवला. ती शिळा आपल्याकडे असती तर या देवळाचं सगळं कोडं सुटलं असतं. याचं मला या लेण्यातल्या कुठल्याही तुटक्या हाताहून जास्त वाईट वाटतं.

उरलेल्या खुणांवरून अभ्यासक हे लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, आणि कलचुरी राजे पाशुपत होते. पाशुपत हा शिवभक्तांचा जुना पंथ, लकुलीश त्याचा आचार्य. उत्तरेच्या दाराशी जो योगी आहे त्यात पुष्कळांना लकुलीशच दिसतो. कोकणच्या मौर्यांचंही नाव घेतात. आणि याच काळाच्या आसपास मुंबईत दुसरीकडेही असंच काम चाललं होतं. जोगेश्वरी स्टेशनच्या पूर्वेला, चाळी आणि इमारतींच्या मध्ये, जमिनीत उतरणारं लेणं आहे. तिथेही मध्ये चार दारांचा गाभारा आहे, आणि तिथली पूजा आजही चालू आहे. दगड फार झिजला आहे, पण घारापुरीचा गाभारा नांदता असताना कसा दिसत असेल ते बघायचं तर लोकलच्या तिकिटात तिथे जाता येतं. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात याच धाटणीचा नटराज आहे. ते लेणं पोर्तुगीजांनी चर्च म्हणून वापरलं.

घारापुरीचं नशीब तेवढंही बरं नव्हतं. पोर्तुगीज सैनिकांनी इथल्या मूर्तींवर नेमबाजीचा सराव केला, असं सांगितलं जातं. कंबरेखाली तुटलेल्या मूर्तींची रांग बघताना ते खोटं वाटत नाही. सदाशिव त्यातून बराचसा वाचला.

'एलिफंटा' हे नाव त्यांचंच. राजबंदराच्या बाजूला एक दगडी हत्ती उभा होता, तो बघून त्यांनी बेटालाच हत्तीचं नाव दिलं. 1814 साली त्या हत्तीचं डोकं आणि मान कोसळली. 1864 मध्ये इंग्रजांनी त्याला इंग्लंडला न्यायचं ठरवलं, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे भायखळ्याला आले आणि 1914 साली जोडून पुन्हा उभे केले. आज तो राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी त्याच्याजवळून पळत जाऊन खरा हत्ती बघितला असेल.

बेटाला जायचं तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. गेटवेहून सकाळची पहिली लाँच धरा, म्हणजे पूर्वेच्या दाराने उजेड येत असताना आत असाल. आणि मुलं बरोबर असतील तर पुढच्या रविवारी त्यांना भायखळ्याला न्या. आम्ही गेलो. आईने हत्तीलाही हात जोडले. भाची त्याच्या पाठीवरचे सांधे मोजत एक पूर्ण फेरी फिरली, उत्तरेच्या बाजूला आली, थांबली, आजीकडे बघितलं आणि तिथूनच मागे वळली.